उचलली गाडी, लावली चौकीला

दुसऱ्याची जंगम मालमत्ता त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने त्याच्या ताब्यातून हलवणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरी म्हटलं आहे. जुन्या दंड संहितेत हेच कलम ३७८ होतं. कलमाचा आकडा बदलला, चोर तेच राहिले. आता भर दुपारी, भर रस्त्यात चार पोरं टेम्पोतून उड्या टाकतात, कडेला लावलेली स्कूटर उचलतात, वर चढवतात आणि निघून जातात. मालमत्ता जंगम आहे. संमती नाही. ताबा तर डोळ्यांदेखत गेला. राहता राहिला हेतू. तो प्रामाणिक आहे याची खूण म्हणून केबिनमध्ये पुढच्या सीटवर एक पोलीस गणवेशात बसलेला असतो, आणि पुढे चौकीवर पैसे भरले की पावती मिळते. चोरी आणि टोईंग यांच्यात सामान्य माणसाच्या नजरेला दिसणारं अंतर एवढंच: एक गणवेश आणि एक पावती. चोर पावती देत नाही हे खरं, पण तो तुम्हाला दीड तास बाकावर बसवून ठेवत नाही आणि गाडी वाहून नेल्याची हमालीही मागत नाही, हेही त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. विनोद बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. एवढा मोठा अधिकार जर हेतूच्या आधारावर उभा असेल, तर तो हेतू अधूनमधून तपासायला नको का? रस्ता मोकळा करण्यासाठी गाड्या उचलल्या जातात असं सगळेच सांगतात. माझं म्हणणं असं की सांगण्यावर जाऊ नये, काय उचललं जातं ते बघावं.

आधी कायदा बघू, कारण तो दिसतो तितका आडदांड नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १२७ एखाद्या सभ्य आणि किंचित भिडस्त माणसाने लिहिल्यासारखं आहे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेली गाडी, किंवा पार्किंगला कायदेशीर मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी, त्या हद्दीतल्या गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याच्या परवानगीने उचलता येते किंवा तिच्या चाकाला जॅमर लावता येतो. मोडकी, जळकी, अर्धी सुटी केलेली गाडी वाहतुकीला धोका ठरत असेल तर ती लगेच हलवता येते. उचलण्याचा खर्च मालकाकडून घ्यायचा, दंड वेगळा. संपलं कलम. यातल्या ‘दहा तास’ या शब्दांवर चौकाचौकांतल्या कायदेपंडितांनी मोठी इमारत उभी केली आहे. ‘दहा तास झाल्याशिवाय हात लावता येत नाही, साहेब, कायद्यात आहे’ असं चौकीवर ठणकावून सांगणारा गृहस्थ कलम खरंच वाचून आलेला असतो. फक्त ‘किंवा’ हा शब्द येण्याआधी त्याने पान मिटलेलं असतं. शेवटच्या पोटकलमाची गोडी वेगळीच आहे. आपण न बोलावलेल्या रिक्षाने आपलं सामान आपल्याला नको त्या ठिकाणी नेऊन ठेवावं आणि भाडं आपण द्यावं, तसा तो प्रकार. पण दुसऱ्याची वाट अडवली असेल तर ते भाडं रास्तच आहे. कारण कलम १२२ स्पष्ट सांगतं की इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी त्रास होईल अशा रीतीने गाडी सार्वजनिक जागी सोडू नये. धोका, अडथळा, त्रास. कायद्याचं सगळं लक्ष या तिघांवर आहे. कलम २०१ तर या बाबतीत इतकं कनवाळू होतं की बंद पडलेल्या गाडीने वाहतूक अडवली तर दंड तासाला पन्नास रुपयांपर्यंत. मोठ्या शहरांत त्याला दंड न म्हणता सवलतीचा पार्किंग दर म्हणाले असते. २०१९ च्या दुरुस्तीने ते पाचशे रुपये केले, तेव्हा कुठे त्याला दंडाची कळा आली.

या कायद्याचा एक पाय मात्र रस्त्यावरच्या पाटीवर टेकलेला आहे. ‘कायदेशीर मनाई’ म्हणजे कुणाच्या तरी मनातली मनाई नव्हे. पार्किंगच्या जागा अधिकृतपणे ठरवायच्या असतात, वाहतुकीची चिन्हं लावायची असतात, आणि ती गाडीवाल्याला दिसायची असतात. पुण्यात आणि मुंबईतही अनेक रस्त्यांवर सम-विषम तारखांचं पार्किंग आहे. पुण्यात त्याच्या पाट्यांवर पी-१ आणि पी-२ लिहिलेलं असतं. सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला. व्यवस्था न्याय्य आहे, कारण दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना शिव्या द्यायला आळीपाळीने दिवस मिळतात. पण मग एकतीस तारीख येते आणि तिच्यामागून एक तारीख येते; दोन्ही विषम. त्या दिवशी सवयीने बाजू बदलणारा शिस्तीचा माणूस उचलला जातो आणि आळसाने गाडी तिथेच ठेवणारा सुटतो. वर्षातून सात वेळा नियतीची ही चेष्टा होते. पाटी कुठे असते? कुठेतरी असतेच. कधी गुलमोहराच्या फांदीआड, कधी डांबराच्या तीन थरांमुळे कंबरेएवढी उरलेली, आणि बहुतेक वेळा एखाद्या भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली. भाऊ हात जोडून हसत असतात, त्यांच्या कोपराजवळून गोल लाल पाटीचा चतकोर तुकडा डोकावत असतो, आणि त्या चतकोरावरून मनाई आहे की नाही हे माणसाने ओळखायचं असतं. तो फ्लेक्सही बहुधा परवानगीशिवायच लावलेला असतो, पण तो उचलायला टेम्पो येत नाही.

टेम्पो येतो तेव्हा काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी भोंगा ऐकू येतो. गाडीचा नंबर पुकारायचा, मालकाला यायची संधी द्यायची, मगच हात लावायचा, अशी रीत आहे. पुकारा होतोही, पण ‘एमएच बारा’ एवढं ऐकून मालक खुर्चीवरून उठेपर्यंत उरलेले आकडे टेम्पोबरोबर पुढच्या वळणावर पोहोचलेले असतात. पोरं कसबी असतात. एक जण हँडल धरतो, दुसरा मागच्या सीटची दांडी, तिसरा सायलेन्सरला भाजणार नाही अशा बेताने खाली हात घालतो, आणि ‘हो’ म्हणेपर्यंत गाडी वर. हँडलला कुलूप असेल तर चाक वाकडं राहतं, तेवढंच. वर गाड्या अंगाला अंग लावून उभ्या, एकीचा आरसा दुसरीच्या ब्रेकमध्ये. पूर्वी जाता जाता खडूने रस्त्यावर चौकीचं नाव लिहून ठेवायचीही पद्धत होती. पावसाळ्यात ते नाव मालकाच्या आधी गटारात पोहोचायचं. आता याच रस्त्यावर शेजारी काय उभं असतं ते पाहा. दुचाक्यांच्या रांगेच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे वाहत्या रस्त्यात, एक मोठी गाडी चारही इंडिकेटर चमकवत उभी असते. हे चार दिवे लावले की बेकायदा पार्किंग कायदेशीर होतं अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. काचेवर कुठल्या तरी संघटनेचं, खात्याचं किंवा वृत्तपत्राचं नाव. बस थांब्यावर रिक्षा, त्यामुळे बस रस्त्याच्या मधोमध. संध्याकाळी त्याच चौकात ट्रॅव्हल्सच्या दोन गाड्या सांगली आणि शिर्डीचे प्रवासी भरत उभ्या, आणि त्यांच्यामागे अर्धं शहर. थोडी मोजदाद केली तर उघड दिसतं की वाहतूक अडते ती या मंडळींमुळे, आणि उचलली जाते ती शंभर-सव्वाशे किलोची स्कूटर, जी भिंतीला चिकटून उभी होती आणि जिच्यामुळे फार तर पदपथावरच्या मांजराची गैरसोय झाली असती. कायद्यात अडथळ्याचा उल्लेख आहे, किलोचा नाही. प्रत्यक्षात निकष मात्र काट्यावरचा आहे: चार पोरांना उचलता येईल ते बेकायदा.

यात पोरांचा दोष नाही, आणि फारसा पोलिसाचाही नाही. दोष हिशेबाचा आहे. साधारण रचना अशी असते की दंड सरकारजमा होतो आणि उचलण्याचं शुल्क, वर जीएसटी लावून, टोईंगच्या ठेकेदाराकडे किंवा त्याच्याबरोबरच्या वाटणीत जातं. म्हणजे ठेकेदाराला मोकळ्या रस्त्याचे पैसे मिळत नाहीत, भरलेल्या टेम्पोचे मिळतात. ज्या दिवशी शहरातला प्रत्येक माणूस शहाण्यासारखी गाडी लावेल, त्या दिवशी रस्ते वाहतील आणि ठेकेदार बुडेल. एखाद्या माणसाचं पोट दुसऱ्याच्या चुकीवर अवलंबून ठेवलं की तो ती चूक टाळायला कशी मदत करेल? पाटी झाकली गेली आहे असं तो कशाला कळवेल? ट्रॅव्हल्सची एक बस हलवायला जेवढा वेळ, भांडण आणि मोठी क्रेन लागते तेवढ्यात वीस स्कूटरी भरतात. कुठलाही व्यवहारी माणूस स्कूटरीच भरेल. निवड पोलिसाने करायची आणि हमाली ठेकेदाराने, अशी कायद्याची कल्पना होती. व्यवहारात निवड हमालीच्या सोयीने होते आणि केबिनमधल्या गणवेशाची मान नंतर हलते.

हेतूची परीक्षा घ्यायला दोन प्रसंग पुरेसे आहेत, आणि दोन्ही सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिलेले आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एका मोटारीत बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसलेली असताना ती मोटार ओढून नेली जात होती. पोलीस शिपाई निलंबित झाला. मागाहून दुसरी चित्रफीत आली आणि बाळ गाडीत आधी होतं की नंतर आलं यावर वाद रंगला. २०२१ साली पुण्यात नाना पेठेत दुचाकी तिच्यावर बसलेल्या माणसासकट उचलली गेली. आपलं वाहन हवेतून जाताना खालचा माणूस वर बसून होता. तो आधी बसला की पोरांनी हात लावल्यावर बसला, हा तपशील रंजक असला तरी माझ्या मुद्द्याला गौण आहे. मुद्दा असा: रस्ता मोकळा करणं हाच हेतू असेल तर मालक गाडीत किंवा गाडीवर आहे ही आनंदाची बातमी आहे. त्याला म्हणायचं, ‘काका, काढा गाडी.’ अर्ध्या मिनिटात रस्ता मोकळा, डिझेल वाचलं, पोरांच्या कमरा वाचल्या, दंडाची पावती हवी तर तिथेच फाडा. मालकासकट गाडी उचलण्यात एकच गोष्ट साधते, ती म्हणजे उचलण्याचं शुल्क. अडथळा स्वतःच्या पायांनी निघून जायला तयार असताना त्याला खांद्यावर घेण्याचा आग्रह धरणाऱ्याला अडथळ्याशी देणंघेणं नाही, असं म्हटलं तर चूक काय? कलम ३०३ इथे लावा असं मी म्हणत नाही. पण ‘अप्रामाणिक हेतू’ नाही एवढ्यावर ‘प्रामाणिक हेतू’ सिद्ध होत नाही.

टोईंगवाल्याच्याही हेतूकडे संशयाने पाहावं हे इतरांना आपल्याआधी सुचलेलं आहे. अमेरिकेत खासगी जागेतून, म्हणजे दुकानाच्या किंवा इमारतीच्या आवारातून, परक्याची गाडी उचलून नेण्याचा मोठा धंदा आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेचं कलम २२६५८ वाचलं की तिथल्या आमदारांनी टोईंगवाल्यांना किती ओळखलं होतं ते कळतं. पाटी किमान १७ बाय २२ इंचांची हवी आणि अक्षरं किमान एक इंच उंचीची हवीत. गाडी अडकवून झाली पण आवाराबाहेर पडली नाही तोवर मालक आला, तर ती सोडायलाच हवी, आणि शुल्क नेहमीच्या निम्म्याहून जास्त घेता येत नाही. नेऊन ठेवायची तर दहा मैलांच्या आत. जागामालकाला गिऱ्हाईक मिळवून दिल्याचं कमिशन देणं बेकायदा. आणि नियम मोडून गाडी उचलली तर टोईंग व ठेवणावळ मिळून जे होईल त्याच्या चौपट भरपाई गाडीवाल्याला. आपल्या कलम १२७ मध्ये चूक करू शकणारं पात्र एकच आहे, गाडीवाला. तिथल्या कायद्यात पात्रं दोन आहेत. म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं समजायचं कारण नाही. लॉस एंजेलिसमध्ये एका गृहस्थाची गाडी उचलली गेली, त्यांनी १३४ डॉलर ५० सेंट भरून ती सोडवली, पाटी झाडामुळे दिसत नव्हती असा दावा केला, आणि सुनावणी २७ दिवसांनी झाली म्हणून हे प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. २००३ साली न्यायालयाने निकाल दिला की एवढा उशीर चालायचाच. ते गृहस्थ हरले, पण झाडाआडची पाटी किती दूर नेता येते हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे झाडं आणि पाट्या मुबलक आहेत. सुनावणी मात्र चौकीच्या टेबलाशी उभ्याउभ्या होते आणि निकाल ‘भरा पैसे, मागे लाइन आहे’ असा एका वाक्यात लागतो.

स्कॉटलंडमध्ये तर १९९२ सालीच न्यायालयाने ठरवलं की खासगी जागेत गाडीला जॅमर लावून पैसे मागणं ही खंडणी आहे, आणि चोरीही. इंग्लंड-वेल्समध्ये संसदेने कायदा केला आणि १ ऑक्टोबर २०१२ पासून खासगी जमिनीवर कायदेशीर अधिकाराशिवाय गाडी जखडणं किंवा उचलणं हा गुन्हा झाला. हे आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकावर कुणीतरी लावायला हवं. कलम १२७ सार्वजनिक जागेपुरतं आहे, आणि परवानगी द्यायची ती गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याने. सोसायटीचे सेक्रेटरी पोलीस नाहीत. वॉचमन गणवेशात असतो, पण तोही पोलीस नाही. तरीही पाहुण्याच्या गाडीला पिवळा जॅमर ठोकून किल्ली चेअरमनच्या फ्रीजवर ठेवण्याची प्रथा जोरात आहे, आणि चेअरमन नेमके त्या दिवशी मुलीकडे ठाण्याला गेलेले असतात.

आता आक्षेप. पहिला आक्षेप खुद्द उत्साही मंडळींचा: मग टोईंग बंदच करा. तोही प्रयोग झालेला आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत बंगळूरमध्ये लोकांच्या तक्रारींनंतर टोईंग थांबवलं गेलं, आणि मार्चमध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी प्रायोगिक तत्त्वावर टोईंग बंद करण्याचं जाहीर केलं. मुंबईकरांना काही दिवस स्वर्ग दोन बोटं उरला. पुढे आयुक्त बदलले आणि गाड्या पुन्हा उचलल्या जाऊ लागल्या, आणि मला वाटतं ते अटळ होतं. रुग्णालयाच्या दारात, अग्निशमनाच्या वाटेवर, अरुंद पुलाच्या तोंडाशी गाडी लावून माणूस सिनेमाला गेला असेल तर त्याला ई-चलान पाठवून काय उपयोग? चलान मोबाइलवर जातं, गाडी तिथेच राहते, आणि रुग्णवाहिकेला ओटीपी टाकून पुढे जाता येत नाही. शिवाय ई-चलानच्या थकबाकीचा डोंगर केवढा आहे ते राज्याला ठाऊक आहे. पुष्कळ लोक चलानाकडे लग्नपत्रिकेसारखं पाहतात, मिळाली म्हणून गेलंच पाहिजे असं नाही. म्हणून टोईंग हवं. फक्त ते अडथळ्याला हवं. अडथळा नसलेल्या, पण चुकीच्या जागी असलेल्या गाडीचा फोटो काढून दंड करावा आणि तिला तिच्या जागी सुखाने उभं राहू द्यावं, कारण ती उचलून टेम्पो रस्त्यात दहा मिनिटं आडवा उभा ठेवल्याने कोंडी वाढतेच.

दुसरा आक्षेप गाडीवाल्यांचा, आणि तो अधिक लाडका आहे: जागाच नाही हो, मग लावायची कुठे? या प्रश्नातला करुण रस मला मान्य आहे, तर्क मान्य नाही. घरात जागा नाही म्हणून कुणी आपलं कपाट शेजाऱ्याच्या ओट्यावर ठेवून ‘महापालिकेने सोय करावी’ म्हणत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण अगदी तेच म्हणतो, तेही दरवर्षी मोठं कपाट घेऊन. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे की गाडी ठेवायला जागा आहे याचं प्रमाणपत्र आधी, गाडी नंतर. २०२५ साली आपल्या परिवहन मंत्र्यांनीही पार्किंगचा पुरावा दिल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको असा विचार बोलून दाखवला, आणि लगेच लोकांना मध्यमवर्गाच्या स्वप्नांची काळजी वाटू लागली. पुण्यात २०१८ च्या मार्चमध्ये पार्किंग धोरण मंजूर झालं तेव्हा सभागृहात आणि बाहेर जो गदारोळ झाला, त्यानंतर ते पाच रस्त्यांपुरतं उरलं आणि मग तेवढंही उरलं नाही. म्हणजे फुकट नाही म्हटलं की चिडायचं आणि उचललं की रडायचं, हे दोन्ही एकाच तोंडाने चालतं. तेव्हा जागा नाही हा बचाव दंडाविरुद्ध चालणार नाही. पण ज्याने दंड भरायचा त्याने हमालीही भरायची का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

तिसरा आक्षेप कडक शिस्तवाल्यांचा. दंडच इतका वाढवा की लोक घाबरतील. मुंबई महापालिकेने जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा पार्किंगला दुचाकीसाठी पाच हजारांपासून, आणि अवजड वाहनांना टोईंगसकट २३,२५० रुपयांपर्यंत दंड लावला होता. पाच हजार म्हणजे कित्येक जुन्या स्कूटरींच्या निम्म्या किमतीला गाडी मालकालाच परत विकण्यासारखं झालं. लोक घाबरले, वाहनतळात गेले, आणि उरलेले दहा पावलं पुढे सरकून हद्दीबाहेर लावू लागले. धाक वाढवून माणूस हलतो, पण कुठे हलतो ते धाक ठरवत नाही. आणि दंड जितका मोठा तितकी चौकीच्या टेबलाखाली होणारी बोलणी आत्मीयतेची, हे कुणाला सांगायला नको.

एवढ्या चर्चेनंतर करण्यासारखं म्हणाल तर एकच आहे, आणि त्याला नवा कायदाही लागणार नाही, ठेक्याची दोन पानं बदलावी लागतील. ठेकेदाराला गाडीमागे पैसे देऊ नका, महिन्याचे द्या. टेम्पो इतके तास इतक्या रस्त्यांवर फिरला पाहिजे, पुकारा केला पाहिजे, उचलण्याआधी अडथळा दिसेल असा फोटो काढला पाहिजे, आणि चाकं जमिनीवर असेपर्यंत मालक आला तर हमाली माफ. मग ठेकेदाराला स्कूटर आणि ट्रॅव्हल्सची बस सारख्याच भावाच्या होतील, किंबहुना काहीच न उचलणं सगळ्यात परवडेल, आणि पाटी झाकणारा फ्लेक्स तो स्वतःहून फाडेल. यावर शेवटची शंका अशी येईल की महिन्याचे पैसे मिळाले की तो टेम्पो सावलीत लावून झोपेल. झोपू दे. झोपलेल्या टेम्पोने आजवर कुणाचा आरसा फोडलेला नाही. आणि त्याला कामच द्यायचं असेल तर ते कलम १२७ च्या पहिल्याच अटीत लिहून ठेवलेलं आहे: दहा तासांहून अधिक काळ सोडून दिलेल्या गाड्या. त्या शोधायला फार हिंडावं लागणार नाही. जवळपास प्रत्येक पोलीस ठाण्याबाहेर पदपथ व्यापून, कधी रस्त्यावरही ओघळून, जप्त केलेल्या गाड्यांचा ढीग पडलेला असतो. चाकं जमिनीत रुतलेली, सीटमधून पिंपळ वर आलेला, नंबरप्लेट गंजलेली. मुद्देमाल अशा तऱ्हेने साठवू नका, पंधरा दिवस ते महिन्याच्या आत त्याची वाट लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितलं होतं. तिथून गाडी उचलायला त्या हद्दीतल्या गणवेशधारी अधिकाऱ्याची परवानगी लागेल, आणि तो अधिकारी तिथेच, आतल्या खोलीत बसलेला असतो. त्या जागी पार्किंगला मनाई आहे का, तेवढं फक्त बघावं लागेल. पाटी लावलेली आहे म्हणतात, पण तिच्यापुढे २०११ सालचा एक वाळूचा ट्रक उभा आहे.